विज्ञानाची बातमी छापताना ‘मोजलं कसं’ तेही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत पाच मिनिटांत फुल चार्ज होणाऱ्या बॅटरीची बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत नुसता राडा झाला, एक गट म्हणतो आता पेट्रोल पंप बंद होणार, दुसरा म्हणतो सगळी फेकाफेकी, आणि बॅटरी मोबाईलची होती का ट्रकची, किती वेळा चार्ज करून बघितली हे विचारलं तर कुणालाच सांगता येईना, कारण बातमीतच ते नव्हतं.

मी कुपवाड एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, शिक्षण आयटीआय. ऑनलाइन सायन्सवर वाद घालणाऱ्या साध्या माणसांना ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून गप्प करतात ते मला अजिबात पटत नाही. वाद घालावा, पण मोजमापावर घालावा, आणि त्यासाठी मोजमाप आमच्यापर्यंत पोचलं पाहिजे, ते काम पेपरवाल्यांचं आहे.

एलके-९९ आठवतंय का बघा. २०२३ च्या जुलैत कोरियातल्या संशोधकांनी इंटरनेटवर दोन रिसर्च पेपर टाकले, दुसऱ्या कुणी तपासायच्या आधीच. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा हा पदार्थ हवेच्या साध्या दाबाला, १२७ डिग्रीपर्यंत सुपरकंडक्टर राहतो म्हणे. म्हणजे वीज वाहताना होणारा अडथळा, रेझिस्टन्स, शून्य. आज एमआरआय मशीनमधली कॉइल तशी ठेवायला लिक्विड हेलियम लागतं, उणे २६९ डिग्री. तांब्याच्या तारेत करंट गेला की थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, मोटर तापते, इन्सुलेशन जळतं आणि ती माझ्याकडे येते, त्यामुळे हा दावा खरा असता तर काय झालं असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अनेक वर्तमानपत्रांनी ते मोठ्या हेडिंगने छापलं.

मग त्या पदार्थाचा व्हिडिओ फिरला, कारण सुपरकंडक्टर चुंबकावर अधांतरी तरंगतो. लोहचुंबकावर एक काळपट खपली, एक कड वर उचललेली आणि दुसरी कड चुंबकाला टेकलेलीच. आमच्या ग्रुपवर दोन दिवस ‘तरंगतंय’ आणि ‘फोटोशॉप’ एवढंच चाललं, पण खरा प्रश्न होता की एक कड टेकलेली का. चुंबकाकडे थोडं ओढलं जाणारं साधं मटेरियलही असं तिरपं उभं राहू शकतं, त्यासाठी सुपरकंडक्टर लागत नाही.

रेझिस्टन्सचंही तसंच. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकीला टेकवल्या तरी तो ०.२-०.३ ओहम दाखवतो, तो वायरीचा आणि कॉन्टॅक्टचा असतो, आणि मोठ्या मोटरच्या वाइंडिंगचा सगळा रेझिस्टन्सच एक ओहमच्या आत, म्हणून मग दोन वायरींनी करंट सोडायचा आणि वेगळ्या दोन वायरींनी व्होल्टेज मोजायचं, म्हणजे वायरींचा रेझिस्टन्स त्यात येत नाही. कोरियावाल्यांच्या ग्राफचं स्केल एवढं मोठं होतं की त्यावर साधं तांबंसुद्धा शून्यावर दिसलं असतं. हे समजायला पीएचडी लागत नाही, पण ग्राफ समोर पाहिजे, आणि तो एकाही मराठी पेपरात मला दिसला नाही.

खरी उत्तरं हाताने काम करणाऱ्यांनी दिली. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डॉ. आवाना यांच्या टीमने कोरियाच्याच रेसिपीने, ९२५ डिग्रीच्या भट्टीतून पदार्थ काढला, त्यात सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली नाही आणि तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आमच्याकडे त्यावर काय प्रतिक्रिया, तर ‘आपल्याला जमत नाही म्हणून दुसऱ्याचं खोटं’. मला फार वाईट वाटलं ते वाचून, कारण करून बघून नाही म्हणणं हे मोठं काम आहे आणि ते आपल्या लॅबने काही दिवसांत केलं होतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या प्रशांत जैन यांना तर कोरियावाल्यांच्या रिसर्च पेपरमधला रेझिस्टन्स एकदम पडल्याचा १०४ डिग्रीचा आकडा बघूनच शंका आली, कारण त्याच तापमानाला कॉपर सल्फाइडची रचना बदलते आणि थंड होताना रेझिस्टन्स एकदम पडतो, आणि त्या रेसिपीत तांबं आणि गंधक दोन्ही असल्यामुळे ही भेसळ भट्टीत आपोआप तयार होते. शेवटी जर्मनीत स्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेने भेसळ नसलेले स्फटिक वाढवले, ते निघाले पारदर्शक जांभळे आणि चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहू न देणारे. पहिल्या रिसर्च पेपरपासून इथपर्यंत एक महिनाही लागला नाही. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली छापण्यासारखी सगळ्यात भारी बातमी हीच होती, आणि ती आतल्या पानावर चार ओळीत संपली, काही पेपरांत तेवढीही नाही.

आणि नामांकित जर्नलमध्ये आलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, त्याच वर्षी मार्चमध्ये नेचर ह्या जर्नलने अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांचा सुपरकंडक्टरचा रिसर्च पेपर छापला आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतला.

म्हणून विनंती अशी की प्रत्येक सायन्सच्या बातमीखाली दोन ओळी द्या. मोजलं कशाने आणि किती, आणि दुसऱ्या कुठल्या लॅबने करून बघितलंय का. बघितलं नसेल तर ‘अजून कुणी पडताळलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा, आम्ही वाचक ते समजून घेऊ. दावा ज्या पानावर आला त्याच पानावर, त्याच टाइपात त्याचं पुढे काय झालं तेही येऊ दे. परदेशी एजन्सीची बातमी जशीच्या तशी उतरवण्याआधी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटला एक फोन केला तरी निम्मं काम होईल, मटेरियलवर काम करणारी माणसं तिथे आहेत. फोन कुणी करायचा एवढंच ठरवा.

आपला नियमित वाचक,
कुपवाड, जि. सांगली