कापायची घाई न करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

जुले!

हे पत्र दोन्ही हातांनी टाइप केलंय. वेळ लागला, पण केलं.

चादर ट्रेकवर, म्हणजे लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालताना, हातमोजे भिजू दिले, हा माझाच गाढवपणा. सुके मोजे सॅकच्या तळाशी होते आणि मला कंटाळा आला. सकाळी बोटं मेणासारखी पांढरीफटक. हिमदंश, म्हणजे थंडीने बोटं गोठलेली. स्टीलच्या मगावर आपटली तर टकटक वाजायची, दुखायचं मात्र काहीच नाही. मित्र हात चोळायला धावला, मी ते स्टोव्हवर धरायला निघालो. आमच्या गाईडने, आचोले (लडाखीत दादा) म्हणायचो आम्ही त्यांना, दोघांनाही दटावलं. चोळायचं नाही, शेकायचं नाही आणि वाटेत पुन्हा गोठणार असतील तर ऊब देऊन सैल करायचेही नाहीत. तसेच कोरड्या कापडात गुंडाळून त्यांनी मला लेहला तुमच्यापर्यंत आणलं.

तुम्ही टबात थर्मामीटर धरून पाणी 37 ते 39 अंशांवर ठेवलंत. अर्धा तास. पाणी निवलं की नर्सताई माझे हात बाजूला घेऊन गरम पाणी ओतायच्या. वेदनाशामक देऊनही मी गुरासारखा ओरडलो आणि तुम्हाला नको नको ते बोललो. त्याची माफी राहिली होती, ती आता मागतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "ओरडा, दुखतंय ते चांगलंय."

मग इलोप्रोस्ट, रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध, रोज सहा तास सलाइनमधून. (अमेरिकेत गंभीर हिमदंशासाठी त्याला 2024 मध्ये मान्यता मिळाली, हे मी नंतर वाचलं.) रक्ताळलेले फोड तुम्ही फोडू दिले नाहीत. बोटांच्या बेचक्यांत कापूस आणि वरून कोरफड! आजीच्या कुंडीतली कोरफड तिथे भेटेल असं वाटलं नव्हतं.

पुण्यात आलो तेव्हा बोटं कोळशासारखी काळी. एका सर्जननी पहिल्याच आठवड्यात चार बोटं काढायची तारीख दिली. आईने रडत तुम्हाला फोन लावला. तुम्ही सांगितलंत, काळं दिसतं ते सगळं मेलेलं नसतं. जंतुसंसर्ग नसेल तर मेलेल्या-जिवंत भागातली रेघ स्पष्ट व्हायला महिने द्या. जानेवारीत गोठलं तर जुलैत कापा, ही जुन्या सर्जन मंडळींची म्हणही तेव्हाच ऐकली.

एप्रिलमध्ये काळी टोपरं चिंचेच्या टरफलासारखी सुटली. आत गुलाबी, नाजूक कातडी. जुलैत उजव्या करंगळीचं फक्त टोक गेलं. फ्रीजमधून दूध काढताना अजून मोजा घालतो.

आईने तुमच्यासाठी चकल्यांचं पार्सल पाठवलंय. सोऱ्या मी फिरवला, म्हणून काही तुटक्या निघाल्यात.

तुमचा,
खाट नंबर चार