फेसिंगचे पैसे घेतले, फेसिंग केलेच नाही : हेड गॅस्केटच्या कामाबाबत तक्रार

दिनांक : 9 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बदललेले हेड गॅस्केट 2,140 किलोमीटरमध्ये पुन्हा गेल्याबाबत व हमी नाकारल्याबाबत.

महोदय,

माझ्या डिझेल गाडीचे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पातळ सील) आपल्या कोल्हापूरच्या वर्कशॉपने 11 मार्च रोजी बदलून दिले. बिल 31,450 रुपये, ते त्याच दिवशी चुकते केले. इंजिनच्या कामाला सहा महिने किंवा 10,000 किलोमीटरची हमी असल्याचे बिलाच्या मागे छापलेले आहे. 10 मे रोजी तेच गॅस्केट पुन्हा गेले. त्यावर आपले 22 मेचे उत्तर असे, की एक तर गॅस्केटच सदोष असावे, नाहीतर मी तापलेली गाडी दामटली असावी. सबब हमी लागू नाही. हे निदान हेड न उतरवता झाले होते. आता हेड उतरले आहे, म्हणून हे पत्र.

आधी माझ्यावरच्या आरोपाचे बघू. रत्नागिरीहून परत येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला. मागच्या सीटवर आई आणि डिकीत हापूसच्या चार पेट्या. एसी बंद करून मी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तरी आत निघेल. जाळीतून गार वारा आला. भर मे महिन्यात हीटरमधून गार वारा, याचा अर्थ हीटरपर्यंत कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, पोचतच नव्हते. तिथेच गाडी कडेला घेऊन बंद केली, तेव्हा काटा लाल पट्टीला लागलाही नव्हता. गाडी टो करूनच कोल्हापूरला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन रात्रभर गार पडलेले असूनही रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होता, आणि झाकण सैल करताच फस्स करून हवा सुटली. गार इंजिनात एवढा दाब उरतो तो वाफेचा नसतो. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असतो, त्याचा असतो.

आणि हे काही त्या दिवशी घाटात सुरू झाले नाही. आपलीच जॉब कार्डे काढून पाहा. 24 मार्च : कुलंट टॉप-अप, 300 मिली. 19 एप्रिल : 700 मिली. ‘बाहेर एक थेंब गळत नाही, मग जाते कुठे?’ असे मी दोन्ही वेळा विचारले. ‘नवीन काम आहे साहेब, एअर निघतेय,’ हे उत्तर मिळाले. एअर निघून गेली की पातळी स्थिर व्हायला हवी. इथे घट थांबलीच नाही. कुलंटमध्ये जळका वायू आहे का, हे निळ्या द्रावणाच्या चाचणीत दहा मिनिटांत कळते. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ती पहिल्याच दिवशी केली. द्रावणाचा रंग बदलला.

बाहेरच्या मिस्त्रींकडे जावे लागले, कारण आपल्या वर्कशॉपने हेड उघडायला 6,000 रुपये आगाऊ आणि ‘हमी लागू नाही’ या कागदावर सही मागितली. तरीही 24 मे रोजी मी ईमेलने कळवले होते, की 28 तारखेला सकाळी दहा वाजता हेड उतरवणार आहोत, आपला माणूस पाठवा. अकरापर्यंत वाट पाहिली. कोणी आले नाही. फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

मी टूलरूममध्ये 22 वर्षे काढली आहेत. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) आणि स्ट्रेट एज (सपाटी तपासायची सरळ पट्टी) मला नवे नाहीत, तेव्हा पुढचे वाचताना ‘ग्राहकाला काय कळते’ असे कृपया म्हणू नये.

गॅस्केट मूळ कंपनीचे आहे. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतात ते मोजून मॅन्युअलमध्ये जी जाडी निघते, तिची खूण सांगणाऱ्या खाचा याच्या कडेला आहेत. धातूचे थर सुटलेले नाहीत. जळाली आहे ती फक्त दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधली अरुंद पट्टी. म्हणजे गॅस्केटवर खापर फोडायला जागा नाही. तेवढ्या जागी ते दाबलेच गेले नव्हते.

का, ते हेडवर लिहिलेले होते. आपल्या बिलात ‘हेड फेसिंग, 2,800 रुपये’ अशी ओळ आहे. फेसिंग म्हणजे हेडचा तळ मशीनवर कापून सपाट करणे. ते झालेल्या हेडवर कटरच्या एकसारख्या रेघा असतात. या हेडवर आधीच्या गॅस्केटच्या रिंगांचे ठसे अजून तसेच आहेत, नख फिरवले तर अडकते. मधोमध गोल गोल ओरखडे आहेत, म्हणजे हातमशीनला घासायची डिस्क लावून जुना थर खरवडला आहे. ॲल्युमिनियम मऊ, डिस्क क्षणभर रेंगाळली तरी खळगा पडतो. दोन-तीनच्या मध्ये स्ट्रेट एजखालून 0.10 मिमीची पात सरकन गेली. मॅन्युअलची मर्यादा 0.05 आहे. असला खळगा धातूच्या थरांचे गॅस्केट भरून काढत नाही.

आता बोल्ट. आपल्या बिलात हेड बोल्टची ओळच नाही. या इंजिनाचे हेड बोल्ट आधी ठरावीक टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळून आणि मग ठरावीक कोनात फिरवून ताणायचे असतात, म्हणून ते एकदाच वापरायचे असे मॅन्युअल स्पष्ट सांगते. नव्या बोल्टशेजारी ठेवले तेव्हा दहापैकी सात जुने बोल्ट लांबलेले निघाले, काही तर दीड मिलिमीटरने. त्याच पट्टीलगतचे दोन बोल्ट हेड जागेवर असतानाच काढले, तर त्यांची टोके काळ्या तेल-पाण्यात भिजलेली आणि गंजलेली होती. हेड उचलताना आत पडलेले पाणी गंज चढवत नाही. भोके न पुसता बोल्ट बसवले होते. बंद भोकात द्रव कोंडला की पान्यावर टॉर्कचा आकडा पुरा दिसतो, पण हेडवर दाब येत नाही. ब्लॉक तडकला नाही, हेच नशीब.

मूळ दुखणे रेडिएटरच्या पंख्याचे होते. ते काम आपल्या लोकांनी चांगले केले, पंखा आजही वेळेवर लागतो, त्याबद्दल तक्रार नाही आणि ते पैसेही मागत नाही. मागतो ते एवढेच : दुसऱ्या दुरुस्तीचे 36,200, टोइंगचे 4,500 आणि न केलेल्या फेसिंगचे 2,800, एकूण 43,500 रुपये. फेसिंग झालेच असे आपले म्हणणे असेल, तर ते कोणत्या मशीनवर, कोणत्या तारखेला झाले त्याची नोंद पाठवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

जळलेले गॅस्केट घरी जपून ठेवले आहे. दहाही बोल्ट ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले आहेत. आपल्या इंजिनिअरने कोणत्याही रविवारी येऊन पाहावेत. येताना नवा बोल्ट मात्र सोबत आणावा.

आपला,
एक ग्राहक
कोल्हापूर

सोबत : 11 मार्चचे बिल, दोन जॉब कार्डे, ईमेलच्या प्रती, हेड उतरवतानाचे फोटो व व्हिडिओ, टोइंगची पावती, दुसऱ्या दुरुस्तीचे बिल.