‘नाही’ कोणाला म्हटलंत, हेही विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत नवउद्योजकांच्या मुलाखती येतात त्या मी न चुकता वाचते, छान असतात, पण गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते, टर्नओव्हर किती आणि पाच वर्षांनी किती. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कात्री लावायची तर लावा.

मी नोकरी सोडली ती मुलीला वेळ देता यावा म्हणून, दुसरं काहीच कारण नव्हतं. पुस्तकांची मांडणी आणि कव्हर डिझाईनचं काम घरून सुरू केलं आणि दोन वर्षांत अशी अवस्था की रात्री मुलगी शेजारी पडून मला गोष्ट वाचून दाखवतेय आणि माझा अंगठा पांघरुणाखाली ‘हो सर, सकाळपर्यंत देते’ टाईप करतोय. ती मध्येच थांबली. म्हणाली, आई तुझं लक्ष नव्हतं ना, मी पहिल्यापासून वाचू का परत? चिडली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्षभराची बिलं काढून बसले तर निम्म्याहून जास्त पैसा एकाच क्लायंटकडून येत होता, तोही तीन-तीन महिने रखडून. म्हणजे ही नोकरीच झाली की, फक्त हक्काची रजा नाही आणि पगाराची तारीख नाही!

तत्त्वं बित्त्वं माझ्याकडेही होती हो, पण मनात. आणि खात्यात पुढच्या महिन्याची सोय नसली की मनातलं मनातच राहतं, तोंडातून ‘हो’ च बाहेर पडतं. त्यामुळे आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेल एवढं साठवलं, त्यालाच वर्ष गेलं, आणि मग एका कागदावर लिहून काढलं की संध्याकाळी सातनंतर कामाचा फोन बंद, अर्धे पैसे आल्याशिवाय फाईल उघडायची नाही, कुठलाही एक क्लायंट एकूण कामाच्या पाव हिश्श्यापेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही, आणि चमत्कारी उपचारांची पुस्तकं करायची नाहीत, कितीही देऊ देत. हाच कागद पीडीएफ करून प्रत्येक कोटेशनला जोडते. मोठा क्लायंट अर्थातच गेला, पुढचे आठ महिने हात आखडून काढले, आणि खोटं कशाला सांगू, दोनदा वाटलं की फोन करून माफी मागावी.

‘धंदा म्हणजे समाजसेवा नव्हे’ हे ऐकवणारे घरातच आहेत. पण नफा नको असं मी कुठे म्हणतेय? गाठीला पैसा असला तरच नाही म्हणता येतं. आणि हे खूळ काही आजचं नाही. सूक्ष्मदर्शकांसाठी नावाजलेल्या झाईस कंपनीतला भागीदार अर्न्स्ट आबे, मूळचा भौतिकशास्त्रज्ञ, त्याने १८८९ मध्ये फाउंडेशन काढलं, पुढे स्वतःचा हिस्साही त्याच्या नावे केला, आणि १९०० मध्ये तिथे आठ तासांचा दिवस लागू झाला. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी २०२२ मध्ये कुटुंबाची सगळी मालकी एक ट्रस्ट आणि पर्यावरणासाठी काम करणारी संस्था यांच्याकडे सोपवली. कुठे ते आणि कुठे मी, पण गंमत बघा, दोघांनीही स्वतःच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला नाही, सरळ कागद केले.

तर विनंती एवढीच की पुढच्या मुलाखतीत टर्नओव्हर जरूर विचारा, पण त्याच्या शेजारी हेही विचारा की गेल्या वर्षभरात कुठलं काम नाकारलंत, आणि त्यानंतरचे महिने कसे काढलेत. उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू द्या, आम्ही वाचू.

आपली,
एक नियमित वाचक