अण्णा, आधी हवा आहे का ते बघू

लिएज, बेल्जियम
१६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,
शि. सा. नमस्कार.

कात्रणाचा फोटो मिळाला. ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याच्या ग्रहाला ‘दुसरी पृथ्वी’ असा मथळा देणाऱ्यांनी एकदा शुक्राकडे बघावं. आकाराने तो पृथ्वीची जुळी बहीण, आणि जमिनीवर साडेचारशे अंशांच्या वर भट्टी पेटलेली. दुरून फक्त आकार मोजला तर त्यालाही दुसरी पृथ्वीच म्हणाल! ‘हॅबिटेबल झोन’ म्हणजे इतकंच की ग्रहावर पाणी असलं आणि वर पुरेशी हवा असली, तर त्या अंतरावर पाणी पातळ राहू शकेल. ही दोन्ही ‘असलं तर’ छापताना गळतात.

तुम्ही विचारलेला ट्रॅपिस्ट-१ हा तारा इथल्याच विद्यापीठातल्या मिकाएल गिलॉन यांच्या गटाचा. त्यांची ६० सेंटिमीटरची दुर्बीण चिलीत आहे. तिचं नावही ट्रॅपिस्टच, इथल्या मठांतल्या बिअरची आठवण करून देणारं, पण ते आईला सांगू नका. तारा ४० प्रकाशवर्षांवर, लाल आणि मिणमिणता. त्याभोवतीचे सात ग्रह २०१७ साली जाहीर झाले. त्यातला ‘ई’ सगळ्यांचा लाडका: त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२ पट, वर्ष ६.१ दिवसांचं.

आता पेन्सिल घ्या. ताऱ्याची त्रिज्या सुमारे ८३,००० किमी, ग्रहाची ५,८६०. भागाकाराचा वर्ग करा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दोनशेतला एक भाग प्रकाश कमी होतो. हेच गणित सूर्य आणि पृथ्वीचं केलंत तर बारा हजारात एक येतं. म्हणून सगळे अशा लाल बटू, म्हणजे छोट्या आणि थंड ताऱ्यांच्या मागे लागलेत. पण हवा शोधायची तर या दोनशेव्या भागातला फरक बघावा लागतो: कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो तिथे ग्रह किंचित मोठा दिसायला हवा. हा फरक मूळ प्रकाशाच्या दहा लाख भागांत फार तर शंभरेक.

आणि इथे ताराच खोडा घालतो. त्याच्यावर डाग आहेत, आणि तो मुळातच इतका थंड की पाण्याची वाफ खुद्द ताऱ्यावर टिकते. वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार वेगळ्या केलेल्या प्रकाशात, पाण्याची खूण सापडली, तर ती ग्रहाची की ताऱ्याची? शिवाय मध्येच भडका उडाला की त्या वेळचं मोजमाप बिघडलंच. ‘ई’ची जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेली पहिली चार अधिक्रमणं (ताऱ्यासमोरून जाणं) सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. हायड्रोजनचं जाड आवरण नाही, हे त्यातून नक्की झालं. नायट्रोजनची हवा असू शकते, उघडा खडकही असू शकतो. आकडे दोन्हींशी जुळतात.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. ‘बी’ हा सर्वांत आतला ग्रह. तो ताऱ्याच्या मागे गेल्यावर अवरक्त प्रकाश किती घटतो हे २०२३ मध्ये मोजलं आणि दिवसाच्या बाजूचं तापमान निघालं २३० अंश. हवा असती तर तिने उष्णता रात्रीच्या बाजूला नेली असती आणि आकडा खाली आला असता. म्हणजे ‘बी’ जवळपास उघडा खडक. मग ‘बी’ आणि ‘ई’ लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात त्या वेळा निवडायच्या. ‘बी’च्या वर्णपटात जे दिसेल ते ताऱ्याचं, ते ‘ई’मधून वजा करायचं. वेळ लागतो, कारण वेबला सूर्याकडे पाठ ठेवावी लागते आणि ही दिशा तिला वर्षातून दोनदाच, काही आठवडे दिसते.

माझा कल विचाराल तर ‘ई’च्या हवेबद्दल मी साशंक आहे. असे तारे तरुणपणी कोट्यवधी वर्षं जास्त तेजस्वी असतात. क्ष-किरण आणि अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडतात, हायड्रोजन उडून जातो. ज्वालामुखींनी नंतर नवी हवा भरली असेल, तरच आशा.

‘समुद्राच्या वासाचा ग्रह’ ही बातमी वेगळीच, ती के२-१८बीची. १२४ प्रकाशवर्षं दूर, वजन पृथ्वीच्या साडेआठ पटींहून जास्त. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तिथे सापडले, ते ठीक. डायमिथाइल सल्फाइडचा दावा मात्र कच्चा. गुहागरच्या किनाऱ्यावर समुद्राचा जो वास येतो त्यात हाच वायू असतो, आणि आपल्याकडे तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांकडून येतो. पण तो दावा तीन सिग्माचा (सिग्मा म्हणजे निष्कर्षाच्या खात्रीचं माप). पक्का शोध म्हणायला पाच लागतात. तीच आकडेवारी दुसऱ्यांनी तपासली, तेव्हा खूण विरली. शिवाय हा वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडलाय, आणि तिथे कोण जिवंत असणार?

सध्या रात्री आठच्या सुमारास अंगणातून दक्षिणेला उंचावर शनी दिसेल. हात लांब करून मूठ धरा. शनीपासून साधारण मूठभर पश्चिमेला, कुंभ राशीत, ट्रॅपिस्ट-१ आहे. तुमच्या चार इंची दुर्बिणीतूनही तो दिसायचा नाही, पण जागा तीच.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू