पाच पानांतली माणसं

पुणे

प्रिय अव्या,

कॉमिक्स म्हटलं की तुला इमारती उचलणारे महाबलीच आठवतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. ‘अमेझिंग अडल्ट फँटसी’ हे जुनं अमेरिकन कॉमिक्स मासिक कुठे वाचायला मिळालं तर सोडू नकोस. डिसेंबर १९६१च्या सातव्या अंकापासून जुलै १९६२च्या चौदाव्यापर्यंत, या नावाने अवघे आठ अंक. लेखन स्टॅन लीचं, चित्रं स्टीव्ह डिट्कोची. चार-पाच पानांच्या गोष्टी, त्यांत तुझ्यामाझ्यासारखी माणसं: कुणी लोभी, कुणी एकटा, कुणी भेदरलेला. भलतंच काहीतरी समोर येतं आणि शेवटच्या चौकटीत सगळं उलटतं.

१९५४मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ नावाची नियमावली लादून घेतली होती. रक्तपिपासू, चालती प्रेतं, सगळं बंद. मग भीती आणायची कुठून? डिट्कोने ती माणसातच शोधली. घामेजलेलं कपाळ, ताठरलेली बोटं, भिंतीवर लांबलेली सावली. त्याने काढलेले हात नीट बघ रे! चेहरा झाकला तरी माणूस किती घाबरलाय ते नुसत्या बोटांवरून कळतं. मला तरी एवढं बोलके हात दुसऱ्या कुणाचे दिसले नाहीत.

ऑगस्ट १९६२च्या पंधराव्या अंकात नावातलं ‘अडल्ट’ गेलं आणि अकरा पानांत स्पायडर-मॅन आला. जग त्या अंकाला त्याच्यासाठीच ओळखतं. पण मला तो याच गोष्टींचा सख्खा भाऊ वाटतो. काका-काकूंकडे वाढलेला चष्मिस पोरगा, एक विचित्र अनुभव, आणि शेवटी कळतं की ज्या चोराला त्याने जाऊ दिलं त्यानेच काकांचा जीव घेतला. मुखवटा काढला तर ही त्या मासिकातलीच गोष्ट आहे.

त्याच अंकात आणखी तीन छोट्या कथा आहेत, त्यांच्याकडे कुणी वळतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकीत ज्वालामुखी पेटलाय, बेटावरचे सगळे निघून गेलेत, आणि एक म्हातारा आपली घंटा वाजवतच राहतो. पुढचं सांगत नाही. दुसरीत नवरा बायकोला बजावतो, मंगळवासी फिरताहेत, घराबाहेर पडू नकोस. तीही तूच वाच.

या अंकाची चोवीस मूळ पानं २००८मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. तुझी लेक तिकडेच आहे ना? गेलास की चौकशी कर, बघायला मिळाली तर हातांबद्दल मला सविस्तर लिही.

तुझा,
मिलिंद