शुल्क कमी झाले, पण खर्च?
महोदय,

सरकारी अनुदानामुळे व्यवसाय प्रशिक्षणाचे शुल्क कमी होते, हे स्वागतार्हच आहे. परंतु वेल्डिंग शिकणाऱ्याला खरा भार पडतो तो हातमोजे, अवजारे, प्रवासखर्च आणि त्या काळात बुडणाऱ्या रोजंदारीचा, ज्याचा विचार अनुदान ठरवताना क्वचितच होतो. शिवाय पटावरची नावे मोजूनच संस्थांना पैसे दिले, की नावे भराभर वाढतात. इंग्लंडमध्ये २००० साली सुरू झालेली वैयक्तिक शिक्षण खात्यांची (शिकणाऱ्याच्या नावे खाते उघडून शुल्कात सरकारी मदत देणारी) योजना गैरव्यवहारांमुळे २००१ मध्येच गुंडाळावी लागली. म्हणून संस्थेला अनुदानाचा मोठा हप्ता प्रात्यक्षिक परीक्षेनंतरच मिळावा आणि विद्यावेतन मात्र महिन्याच्या महिन्याला थेट प्रशिक्षणार्थीच्या खात्यात जमा व्हावे. वर्षअखेरीस होणारी खर्चाची परतफेड, ज्याच्याकडे आधी भरायलाच पैसे नाहीत, त्याच्या काय कामाची?

— एक वाचक