सोफी आणि तिची आजी

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेवाने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले सोफीचे पुस्तक, म्हणजे ‘ले मालर द सोफी’ (सोफीची संकटे), तिला वाचू द्यावे की नाही, असे तू विचारले आहेस. त्यातली आई एका प्रकरणात मुलीला जोराने मारते, हे वाचून तू अस्वस्थ झालीस आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र एका शब्दात उत्तर देण्याआधी ती लेखिका कोण होती हे तुला सांगावेसे वाटते, कारण फ्रेंच शिकवण्याच्या इतक्या वर्षांत कोंतेस द सेग्यूर हिच्याइतका लळा मला दुसऱ्या कोणत्याही बालसाहित्यिकाने लावला नाही.

ही बाई जन्माने रशियन. १७९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मली. १८१२ मध्ये नेपोलियन मॉस्कोत शिरला आणि शहर पेटले, तेव्हा तिचे वडील रोस्तोपचिन तिथले गव्हर्नर होते. पुढे कुटुंबाला देश सोडावा लागला, ते पॅरिसला आले आणि १८१९ मध्ये तिचे लग्न काउंट यूजेन द सेग्यूर यांच्याशी झाले. नवरा बहुतेक काळ पॅरिसमध्ये आणि ती नॉर्मंडीतल्या ‘ले नुएत’ या वाड्यात, आठ मुले आणि सततची दुखणी सांभाळत. वाचा जाऊन पाटीवर लिहून बोलावे लागण्याचीही वेळ तिच्यावर आली होती. या साऱ्या वर्षांत तिने मुलांसाठी एकही पुस्तक छापले नाही.

मग कामीय आणि मादलेन या तिच्या नाती वडिलांच्या नोकरीमुळे लंडनला गेल्या. त्यांना तोंडी सांगितलेल्या गोष्टी आता कागदावर उतरवून पाठवाव्यात, एवढ्याच हेतूने आजी लिहू लागली. त्यातून पहिला परीकथासंग्रह झाला, चित्रकार गुस्ताव दोरेच्या चित्रांसह छापला गेला, आणि तेव्हा तिचे वय सत्तावन्न-अठ्ठावन्न होते. तू रेवाला घेऊन फ्रान्समधल्या ल्योंला गेल्यापासून नाती दूर गेल्याचे ते वाक्य मला निराळेच वाटते, एवढे लिहून पुढे जाते.

प्रकाशक होता लुई आशेत. रेल्वे स्थानकांवर पुस्तकविक्रीचा धंदा त्याने उभारला होता आणि काउंट सेग्यूर एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते; या ओळखीचा उपयोग झाला, हे लपवण्याचे कारण नाही. पण ओळखीने फार तर पहिले पुस्तक छापले जाते. त्यानंतर १८७१ पर्यंत तिने जी सुमारे वीस पुस्तके लिहिली, ती मुलांनी वाचली म्हणून टिकली. १८६३ मध्ये नवरा गेला, पैशाची ओढाताण सुरू झाली, तरी ती लिहीत राहिली; अखेर ले नुएतही विकावे लागले. १८७४ मध्ये ती वारली.

तिची कारागिरी कशात आहे, हे रेवाबरोबर वाचताना तूच पाहा. संवाद ती नाटकासारखे, बोलणाऱ्याचे नाव वर देऊन मांडते, त्यामुळे लहान मुलालाही कोण काय म्हणाले हे चटकन कळते. सोफीने मेणाची बाहुली उन्हात ठेवल्यावर मेण वितळून बाहुलीचे डोळे आत जातात, किंवा दाट याव्यात म्हणून सोफी स्वतःच्या भुवया कापते. हे सारे लेखिकेने जवळून पाहिलेले, बरेचसे स्वतः केलेले आहे. पुस्तकाच्या आरंभी तिने आपल्या एका नातीला उद्देशून लिहिले आहे की आजी काही नेहमीच चांगली नव्हती, तीही सोफीसारखीच होती आणि मग सुधारली. नातवंडांपुढे आपल्या खोड्यांची अशी कबुली देणारी आजी त्या काळी मला तरी दुसरी आढळलेली नाही.

माराचे प्रकरण मलाही खुपते. लेखिकेची स्वतःची आई फार कडक होती, आणि मुलीला बसलेला तो मार तिने साखरेत घोळवला नाही, इतकेच मी म्हणेन. त्यातली शिक्षा योग्य होती असे मात्र मुळीच म्हणणार नाही. ते पान आले की रेवाला जवळ घेऊन बस आणि तिला काय वाटते ते विचार, पण पुस्तक काढून घेऊ नकोस.

आणि केस कुरळे व्हावेत म्हणून सोफी पावसात पन्हळीखाली जाऊन उभी राहते, ते प्रकरण आले की मला फोन कर. पाच वर्षांची असताना तू आपल्या मागच्या अंगणात नेमके हेच केले होतेस, आणि ती हकिकत रेवाला मीच सांगणार आहे.

तुझी,
आई